बारीक झालेली पोटरी पुन्हा कमावताना

घोट्याच्या हाडासाठी घातलेलं सहा आठवड्यांचं प्लास्टर कापलं की आतून निघालेला पाय बघून बहुतेक जण हादरतात. कातडी कोरडी, सालपटं निघालेली, आणि पोटरी निम्मी झाल्यासारखी. हाड जुळलेलं असतं, एक्स-रे चांगला असतो, हाडाचे डॉक्टर ‘आता चालायला लागा’ म्हणतात, पण तो पाय आपला वाटत नाही. मग घरात आणि शेजारीपाजारी सल्ले सुरू होतात. तेल चोळा, गरम पाण्याचा शेक घ्या, दूध-खारीक घ्या, आणि दुखलं तरी चालत राहा.

हा शेवटचा सल्ला सगळ्यात जास्त दिला जातो आणि सगळ्यात कमी तपासला जातो. पायाच्या धमन्या अरुंद झालेल्या माणसासाठी दुखेपर्यंत चालणं हा खरोखरच उपचार आहे. जुन्या पोलिओच्या पायाला तोच सल्ला आणखी दुबळं करतो. पोटरीत रक्ताची गुठळी असेल तर आधी चालणं-चोळणं बाजूला ठेवून दवाखाना गाठावा लागतो. आणि प्लास्टरमधून निघालेल्या पोटरीला नुसतं चालणं पुरत नाही. म्हणून आधी पोटरी कशामुळे बदलली ते ओळखायचं, मग ती मोजायची आणि त्यानंतर व्यायाम ठरवायचा. लेखाचा मोठा भाग न वापरल्याने बारीक झालेल्या पोटरीवर आहे, कारण घरोघरी तीच दिसते. आजारांच्या पोटऱ्या त्यानंतर.

पोटरीत नेमकं काय झिजतं

पोटरीत दोन मुख्य स्नायू एकावर एक असतात. वरचा, आरशात दिसणारा, दोन भागांत फुगणारा स्नायू म्हणजे गॅस्ट्रोक्नेमियस. तो गुडघ्याच्या वरून निघतो, म्हणजे गुडघा आणि घोटा असे दोन सांधे ओलांडतो. त्याच्याखाली रुंद, चपटा सोलियस असतो. तो गुडघ्याच्या खालून सुरू होतो आणि फक्त घोट्यावर काम करतो. दोघे खाली एकत्र येऊन टाचेमागची जाड शीर बनते, जिला डॉक्टर अकिलीस टेंडन म्हणतात. व्यायाम करताना हा फरक कामी येतो. गुडघा सरळ ठेवून ताण दिला तर वरचा स्नायू ताणला जातो, गुडघा वाकवून दिला तर खालचा.

सोलियसमध्ये सावकाश पण न थकता काम करणारे तंतू जास्त असतात. आपण नुसते उभे असतो तेव्हाही शरीर पुढे कलंडू नये म्हणून तो सतत थोडा थोडा काम करत असतो. म्हणूनच अंथरुणाला खिळल्यावर त्याचं काम एकदम शून्यावर येतं आणि हातांच्या स्नायूंपेक्षा पोटरी लवकर ओसरते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर सुमारे सहा महिने राहिलेल्या अंतराळवीरांच्या पोटऱ्या एमआरआयवर मोजल्या, तेव्हा रोज व्यायाम करूनही त्यांचं आकारमान सरासरी १३ टक्क्यांनी आणि जोर सुमारे ३२ टक्क्यांनी घटलेला होता. तिथे वजन पेलायचंच नसतं, हे मुख्य कारण.

या दोन आकड्यांतली तफावत लक्षात ठेवा, कारण जमिनीवरही असंच होतं. निरोगी तरुणांच्या एका पायाला मुद्दाम प्लास्टर घालून केलेल्या अभ्यासात, पाच दिवसांत मांडीच्या स्नायूचं आकारमान ३.५ टक्के कमी झालं आणि ताकद ९ टक्के. चौदा दिवसांनी हेच आकडे ८.४ आणि २३ टक्के होते. आकारापेक्षा ताकद आधी आणि जास्त जाते, कारण स्नायू झिजण्याबरोबरच मेंदूकडून त्याला मिळणारा हुकूमही क्षीण होतो. साठीच्या पुढच्या निरोगी माणसांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं तेव्हा त्यांच्या पायांतलं जवळजवळ एक किलो मांस गेलं. डेंग्यू-न्यूमोनियातून उठलेले आजोबा घरी आल्यावर संडासातून उठताना अडखळतात त्यामागे बरेचदा हीच झीज असते. ‘अशक्तपणा आहे, पडून राहा’ असं त्यांना सांगणं म्हणजे तीच झीज वाढवणं.

एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. स्नायू आखडलेल्या स्थितीत पडून राहिला तर तो बारीक तर होतोच, शिवाय लांबीलाही कमी होतो. जड पांघरुणाखाली पाऊल पुढे झुकलेलं राहिलं की पोटरी आखडत जाते आणि पुढे टाच टेकत नाही. अंथरुणावरच्या माणसाचं पाऊल नडगीशी काटकोनात राहील असा आधार द्या आणि पांघरुणाचं वजन पावलावर पडू देऊ नका.

पहिली पायरी: धोका नाही ना, ते बघा

पोटरीचे स्नायू आवळले की आतल्या रक्तवाहिन्यांमधलं रक्त वर, हृदयाकडे ढकललं जातं. प्लास्टर, ऑपरेशन किंवा लांबचा प्रवास यांत हा पंप थांबतो, रक्त साचतं आणि खोलवरच्या रक्तवाहिनीत गुठळी होऊ शकते. डॉक्टर याला डीव्हीटी म्हणतात. एकाच पायाला नव्याने आलेली सूज, पोटरीत दाबल्यावर दुखणं, कातडी गरम किंवा लालसर होणं ही तिची लक्षणं. दोन्ही पोटऱ्यांच्या घेरात ३ सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक असेल आणि सुजलेला पाय मोठा असेल, तर डॉक्टर तो गुठळीच्या बाजूचा पुरावा धरतात. अशा वेळी चोळू नका, तेल लावू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. कलर डॉपलर सोनोग्राफीत निदान होतं. त्यासोबत दम लागला, छातीत दुखलं किंवा खोकल्यातून रक्त आलं तर गुठळी फुप्फुसात गेलेली असू शकते. तेव्हा अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट इस्पितळाचा तातडीचा विभाग गाठायचा.

प्लास्टर नवं असताना वेगळा धोका असतो. गोळी घेऊनही न थांबणारं, वाढत जाणारं दुखणं, पायाची बोटं कुणी हलकेच हलवली तरी पोटरीत कळ, बोटं बधिर किंवा पांढुरकी पडणं अशी लक्षणं दिसली तर आत दाब वाढून स्नायू मरू शकतात. रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. या बाबतीत ‘सकाळी बघू’ फार महागात पडतं, कारण मेलेला स्नायू व्यायामाने परत येत नाही.

दुसरी पायरी: मोजा आणि लिहून ठेवा

डोळ्यांना पोटरी रोज सारखीच दिसते, म्हणून शिंप्याची टेप घ्या. खुर्चीवर गुडघा काटकोनात ठेवून बसा, तळवे जमिनीवर टेकवा. गुडघ्याच्या वाटीखाली, नडगी सुरू होते तिथे हाडाचा उंचवटा लागतो. त्याच्या १० सेंटीमीटर खाली पेनने खूण करा आणि तिथला घेर घ्या, टेप कातडीत रुतू न देता. दोन्ही पायांचा घ्या. मोजमाप सकाळीच करा, कारण संध्याकाळी सूज मिसळते. दर पंधरा दिवसांनी एकदा पुरे. रोज मोजून फक्त निराशा पदरी पडते.

वयस्कर माणसांसाठी पोटरीचा सर्वांत जाड भाग मोजायचा. आशियाई देशांतल्या तज्ज्ञांच्या गटाने २०१९मध्ये ठरवलेल्या निकषानुसार हा घेर पुरुषांत ३४ आणि स्त्रियांत ३३ सेंटीमीटरपेक्षा कमी असेल, तर वयाने होणाऱ्या स्नायूंच्या झिजेची तपासणी करावी. पायाला सूज किंवा अंगात चरबी जास्त असेल तर हा आकडा फसवतो. त्याच्या जोडीला एक सोपी चाचणी आहे. हात छातीशी बांधून खुर्चीतून पाच वेळा उठायचं-बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पायांतलं बळ कमी पडतंय असं समजा.

पण माझ्या मते खरी परीक्षा चवड्यावर उभं राहण्याची आहे. पूर्ण वजन टाकायची परवानगी मिळाली असेल तरच ती करा. स्वयंपाकाच्या ओट्याला दोन बोटं टेकवून, गुडघा सरळ ठेवून, एका पायाच्या चवड्यावर टाच उचला आणि खाली आणा. तरुण, धडधाकट माणसाला साधारण पंचवीस वेळा जमायला हवं. वयाबरोबर आकडा उतरतो आणि सत्तरीत दहा-बाराही चांगले. तुमचा चांगला पायच तुमचं माप. फक्त किती वेळा जमलं एवढंच लिहू नका, टाच किती उंच गेली तेही लिहा. भिंतीवर पेन्सिलीची खूण केली तर फसवणूक होत नाही, कारण थकलेला माणूस नकळत अर्धीच टाच उचलून आकडा पूर्ण करतो.

याशिवाय, उकिडवं बसून बघा. दोन्ही टाचा जमिनीला टेकलेल्या राहतात का? एक टाच उचलली जात असेल तर त्या बाजूचा घोटा किंवा खालचा स्नायू आखडलाय. भारतीय संडास वापरणाऱ्या, शेतात निंदणी-खुरपणी करणाऱ्या माणसासाठी ही हालचाल परत मिळवणं हे चालण्याइतकंच मोठं उद्दिष्ट आहे. फिजिओला ते स्पष्ट सांगा.

तिसरी पायरी: प्लास्टर असतानाच सुरुवात करा

दर तासाला पायाची बोटं वर-खाली हलवा. मांडी आवळून गुडघा गादीत दाबा, पाच सेकंद धरा, सोडा. पाय सरळ ठेवून उचला. डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर प्लास्टरच्या आत पाऊल गाडीचा ब्रेक दाबल्यासारखं दाबता येतं. सांधा हलत नाही, पण पोटरीला काम मिळतं. टाचेची शीर तुटून शिवलेली असेल तर मात्र हे मनाने करू नका.

चांगल्या पायाचे व्यायाम सोडू नका. एका पायाने केलेल्या जोरदार व्यायामाचा थोडा फायदा बांधलेल्या पायालाही मिळतो, कारण दोन्ही बाजूंना हुकूम देणारी मज्जासंस्था एकच आहे. आडवे असाल तेव्हा पाय उशीवर, हृदयाच्या पातळीपेक्षा वर. तंबाखू आणि विडी-सिगरेट या काळात तरी बंद करा. त्यांनी हाड जुळायला उशीर होतो.

चौथी पायरी: प्लास्टर निघाल्यावर

इथे दिलेले आठवडे साध्या, नीट जुळलेल्या घोट्याच्या फ्रॅक्चरचे आहेत. प्लेट-स्क्रू असतील, टाचेची शीर शिवलेली असेल किंवा मधुमेह असेल, तर वेळापत्रक तुमच्या सर्जनचं.

पहिले दोन आठवडे सूज उतरवणं आणि हालचाल सुटी करणं एवढंच ध्येय ठेवा. पाऊल वर-खाली, आत-बाहेर, दिवसातून चार-पाच वेळा, प्रत्येकी वीस. पाय लांब करून बसा, चवड्याभोवती पंचा अडकवून पाऊल स्वतःकडे ओढा, तीस सेकंद धरा, तीनदा करा. मग गुडघ्याखाली उशी ठेवून तेच पुन्हा करा म्हणजे सोलियसलाही ताण मिळेल. खुर्चीवर बसून दोन्ही टाचा उचलायचा व्यायामही याच आठवड्यांत सुरू होतो.

‘अर्धं वजन टाका’ असं डॉक्टर सांगतात तेव्हा अर्धं म्हणजे किती हे पायाला कळत नाही. घरातला वजनकाटा घ्या. वॉकर धरून दुखरा पाय काट्यावर ठेवा आणि सांगितलेल्या आकड्यापर्यंत हळूहळू दाबा. दहा-पंधरा वेळा केलं की पायाला तो दाब ओळखीचा होतो. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची; पुष्कळ माणसं ती त्याच बाजूला धरतात.

पूर्ण वजनाची परवानगी मिळाल्यावर खरं काम सुरू होतं. ओट्याला धरून दोन्ही चवड्यांवर उभं राहा. दोन सेकंदांत वर, एक सेकंद थांबा, तीन सेकंदांत खाली. दहा ते बारा वेळा, असे तीन फेरे, एक दिवसाआड. सुरुवातीला सगळं वजन नकळत चांगल्या पायावर जातं, म्हणून समोर आरसा असलेला बरा. हे सोपं वाटू लागलं की दोन्ही पायांनी वर जा, पण खाली उतरताना फक्त दुखऱ्या पायावर उतरा. स्नायू सावकाश लांबवत वजन पेलणं त्याला वाढवण्यासाठी फार उपयोगी पडतं. त्यानंतर एका पायाने वर-खाली, मग जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडा ठेवून टाच पायरीखाली जाईपर्यंत. त्याच्या जोडीला बसून टाच उचलताना मांडीवर, गुडघ्याजवळ पाच किलोची तांदळाची पिशवी ठेवा, नंतर दहा किलोची. गुडघा वाकलेला असल्याने वरचा स्नायू ढिला पडतो आणि काम सोलियसला करावं लागतं. सगळ्यात आधी झिजलेला तोच असतो, आणि घरच्या व्यायामात वगळला जातो तोही तोच.

वजन केव्हा वाढवायचं? शेवटच्या फेऱ्यात बारा वेळा करूनही आणखी चार-पाच जमतील असं वाटलं की. ज्या व्यायामाने पोटरी थकतच नाही तो तिला वाढवतही नाही. तेच दहा हलके व्यायाम तीन महिने इमानदारीने करून ‘फिजिओचा उपयोग नाही’ म्हणणारी माणसं पुष्कळ भेटतात. वजन वाढवत न्यायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

दुखण्याचा नियम असा ठेवा. व्यायाम करताना दहापैकी तीन-चारपर्यंत दुखलं तर चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं किंवा सूज आदल्या दिवसापेक्षा वाढलेली नको. वाढली तर वजन कमी करा, पण थांबू नका. पोटरीत गोळा आला तर गुडघा सरळ करून पाऊल स्वतःकडे ओढा. अर्ध्या-एक मिनिटात सुटतो.

नुसतं चालणं पुरत नाही म्हणालो त्याचं कारण आता लक्षात येईल. दुबळ्या पोटरीचा माणूस पाऊल छोटं टाकतो, टाच लवकर उचलत नाही आणि जमिनीला रेटा देण्याचं काम दुसऱ्या पायावर ढकलतो. रोज पाच किलोमीटर चालूनही त्या पोटरीच्या वाट्याला काम येत नाही. चालताना टाच आधी टेकवा, मग चवडा, आणि शेवटी अंगठ्याने जमीन मागे ढकला. अंगठ्यात अडकवायच्या सपाता काही महिने बाजूला ठेवून मागे पट्टा असलेल्या सँडल किंवा बूट वापरा. सपाता निसटू नयेत म्हणून बोटं आवळली जातात आणि चाल बिघडते.

आधी ताकद परत येते, आकार मागाहून. पहिल्या काही आठवड्यांत वाढणारे आकडे हे मेंदूचा हुकूम सुधारल्याचे असतात. टेपवर फरक दिसायला दोन महिने लागू शकतात आणि पूर्ण भरायला त्याहून बरेच जास्त. टाचेची शीर तुटलेल्या माणसांत थोडा फरक कित्येक वर्षं राहतो, अनेकदा शीर किंचित लांब जुळल्यामुळे. धावणं-उड्या मारणं चांगल्या पायाच्या नव्वद टक्के चवडे-उचल जमल्यावर, त्याआधी नाही.

तेलाबद्दल. कोरड्या कातडीला ते चांगलं, बरंही वाटतं, पण चोळून स्नायू भरत नाही. करंट लावण्याचा उपयोग स्नायू स्वतःहून आवळताच येत नाही तेव्हा आहे. ज्याला चवड्यावर उभं राहता येतं त्याने महिनाभर नुसता करंट घेत बसू नये.

खाण्याचं काय

आपल्याकडे हा भाग कच्चा राहतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशीत निरोगी माणसाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत, म्हणजे ६० किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. आजारातून उठणाऱ्या वयस्कर माणसाला १.२ ते १.५ ग्रॅम लागतात, म्हणजे ७२ ते ९० ग्रॅम. सकाळी पोहे-चहा, दुपारी पोळी-भाजी आणि रात्री पातळ वरण-भात यात ते बसत नाहीत. एका अंड्यात ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ६-७, शंभर ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८ ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांत ७ च्या आसपास. पातळ वरणाऐवजी घट्ट उसळ किंवा पिठलं, न्याहारीला अंडी किंवा मोड आलेले मूग, संध्याकाळी दही असं दिवसभर वाटून घ्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे. शाकाहारी माणसाला पायांत मुंग्या येत असतील, अंधारात तोल जात असेल तर बी-१२ तपासून घ्या.

जिथे हा कार्यक्रम चालत नाही

ठरावीक अंतर चाललं की पोटरीत कळ येते, दोन-चार मिनिटं उभं राहिलं की जाते, पुन्हा तेवढंच चाललं की परत येते. हे धमन्या अरुंद झाल्याचं लक्षण आहे. मधुमेह, तंबाखू, विडी-सिगरेट ही नेहमीची कारणं. विडी ओढणाऱ्या तरुणांतही बर्जर नावाच्या आजाराने असं होतं. कमी रक्तामुळे पोटरीचे तंतू आतून खराब होतात. निदानाची सुरुवात घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब यांच्या गुणोत्तराने होते, ०.९० किंवा कमी म्हणजे अडथळा. मधुमेहात धमन्या कडक झाल्याने हा आकडा खोटाच चांगला येऊ शकतो, तेव्हा पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब बघतात. आणि इथे मात्र दुखेपर्यंत चालायचं. कळ बऱ्यापैकी वाढेपर्यंत चाला, थांबा, गेली की पुन्हा चाला. असे ३० ते ४५ मिनिटं, आठवड्यातून किमान तीनदा, निदान बारा आठवडे. अंतर खरोखर वाढतं. तंबाखू चालू ठेवून हे करण्यात अर्थ नाही. मात्र झोपेतही पाऊल दुखत असेल, बोटाला न भरणारी जखम किंवा काळेपणा असेल तर चालण्याचा कार्यक्रम नको, रक्तवाहिन्यांचे सर्जन गाठा. पाय अचानक गार, पांढरा, बधिर पडला तर हाताशी काही तासच असतात.

याच्यासारखंच दुखणं कंबरेच्या मणक्यातली जागा अरुंद झाल्यावरही येतं. फरक असा की ते नुसतं उभं राहून जात नाही, बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर जातं. आणि एकाच पायाची टाच उचलता येत नाही, करंगळीच्या बाजूला बधिरपणा आहे, कंबरेतून कळ येते, असं असेल तर पोटरी दुबळी दिसते पण दोष कंबरेत दबलेल्या नसेचा असतो. लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा बैठकीचा भाग बधिर झाला तर त्याच दिवशी इस्पितळात.

भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११मध्ये पश्चिम बंगालमधल्या हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ला देश पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. पण लहानपणी पोलिओ झालेली आणि एक पोटरी बारीक असलेली माणसं आज चाळिशी-साठीत आपल्या आसपास आहेत. त्यांच्या मज्जारज्जूतल्या काही पेशी तेव्हाच मेल्या. उरलेल्यांनी जास्तीच्या तंतूंचा भार उचलला आणि दशकानुदशकं ओढला. कित्येक वर्षांनी नवा थकवा, नवा दुबळेपणा जाणवू लागला तर या माणसांना ‘जोर लावा’ सांगू नका. थोडा व्यायाम, मध्ये विश्रांती, थकण्याआधी थांबणं, कॅलिपर किंवा काठीची लाज न बाळगणं हाच त्यांचा उपचार.

आता जाड झालेल्या पोटरीबद्दल, कारण तिच्याकडे आईबाप कौतुकाने बघतात. तीन ते पाच वर्षांचा मुलगा वारंवार पडतो, जिना चढताना कठड्याला धरतो, जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकवत वर येतो, चवड्यांवर चालतो आणि त्याच्या पोटऱ्या भरदार, टणक आहेत. ही ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी या जनुकीय आजाराची खूण असू शकते. डिस्ट्रोफिन हे प्रथिन नसल्याने स्नायू तुटत जातात आणि त्यांची जागा चरबी व तंतू घेतात. आकार दिसतो, ताकद नसते. पुष्कळदा रक्ततपासणीत एसजीपीटी हे यकृताचं समजलं जाणारं एन्झाइम वाढलेलं दिसतं आणि मूल यकृताच्या डॉक्टरांकडे फिरत राहतं. हे एन्झाइम स्नायूंतूनही येतं. अशा मुलाची सीपीके ही स्नायू तुटत असल्याचं दाखवणारी साधी रक्ततपासणी करा. ती हजारांत आली तर जनुकीय तपासणी आणि मज्जातंतूंच्या डॉक्टरांकडे जा. या मुलाला पायऱ्या उतरण्याचे, उड्यांचे, वजनाचे व्यायाम देऊ नयेत, कारण वजन पेलत लांबणारा स्नायूच इथे सगळ्यात जास्त फाटतो. वर प्लास्टरनंतरच्या पोटरीसाठी जे औषध म्हणून सांगितलं तेच इथे विष ठरतं. रोज हलका ताण, रात्री घोट्याला स्प्लिंट म्हणजे आधाराची पट्टी, दमेपर्यंत नाही असं पोहणं योग्य. स्टेरॉइडने मुलाचं चालणं काही वर्षं लांबवता येतं, पण ते अचानक बंद करणं धोक्याचं. कुठल्याही ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांना हा आजार सांगायलाच हवा. भुलेची काही औषधं या मुलांना जिवावर बेततात. आई वाहक आहे का याची तपासणी पुढच्या अपत्याआधी करून घ्या.

काही वेळा उपचारच पोटरी बदलतो. पक्षाघातानंतर किंवा सेरेब्रल पाल्सीत पोटरी सतत आवळलेली राहते, तेव्हा बोटुलिनम टॉक्सिनचं इंजेक्शन तिला सैल करतं. त्याचा परिणाम साधारण तीन महिने. ते तीन महिने रोज ताण देणं, टाच टेकवून उभं राहणं, स्प्लिंट घालणं झालं नाही तर पैसे गेले आणि पोटरी पुन्हा होती तशी. टाचेची शीर ऑपरेशनने लांब करतात तेव्हाही गरजेपेक्षा जास्त लांब झाली तर मूल वाकलेल्या गुडघ्यांनी चालू लागतं. म्हणून ऑपरेशनआधी ‘शीर आखडली आहे की स्नायू दुबळा आहे’ हा प्रश्न सर्जनना मोकळेपणाने विचारा. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळीने पोटऱ्या दुखत असतील तर गोळी मनाने सोडू नका. सीपीके करून डॉक्टर मात्रा किंवा औषध बदलतात.

जन्मतः पाऊल आत वळलेल्या बाळाला पॉन्सेटी पद्धतीने दर आठवड्याला प्लास्टर बदलतात, मग रात्रीचे बूट चार-पाच वर्षांपर्यंत. त्या पायाची पोटरी आयुष्यभर थोडी बारीक राहते. ते प्लास्टरमुळे नाही, आजारातच आहे. पोटरी बारीक होईल या भीतीने बूट बंद करणाऱ्या घरांत पाऊल पुन्हा वळतं.

आणि साध्या प्लास्टरनंतर वजन वाढवत, खाणं सांभाळत बारा आठवडे काम करूनही चवडे-उचलीचा आकडा हललाच नसेल, तर आणखी व्यायाम वाढवण्याआधी डॉक्टरांकडे परत जा. मोजमापांची वही सोबत न्या. नस दबली आहे का हे ईएमजी-एनसीव्ही या नसा-स्नायूंच्या विद्युत तपासणीत कळतं, टाचेची शीर लांब जुळली आहे का हे सोनोग्राफीत.